जुन्या लेन्ससाठी सेकंडहँड डिजिटल बॉडी कशी घ्यायची

कपाट आवरताना बाबांचा नाहीतर मामांचा फिल्म कॅमेरा सापडतो, रोल आता परवडत नाही आणि डेव्हलप करून देणारा लॅबवालाही जवळपास उरलेला नाही, पण त्यावरची लेन्स मात्र ठणठणीत असते. मग ती डिजिटलवर लावायची तर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कुठली घ्यायची हा प्रश्न येतो, आणि बॉडी सेकंडहँडच, कारण या हौसेपायी लाखभर रुपये घालायला घरातून परवानगी मिळणं अवघडच असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिजिटल बॉडी जुनी झाली की तिचा भाव पडतो तो मुख्यतः ऑटोफोकस हळू आहे, फोरके व्हिडिओ नाही, सेकंदाला फोटो कमी निघतात अशा कारणांनी. आता तुमच्या मॅन्युअल लेन्सला ऑटोफोकस नाहीच, रिंग तुम्ही हातानेच फिरवणार, म्हणजे ज्या गोष्टीमुळे ती बॉडी स्वस्त झाली ती तुम्हाला लागतच नाही. लागतं काय तर चांगला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), फोकस करताना चित्र मोठं करून दाखवायची सोय, आणि जमलंच तर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात थरथरला तरी फोटो हलू न देणारी सोय. याला पैसे द्या, बाकीच्याला देऊ नका.

उदाहरण सोनीचंच घ्या. २०१४ चा ए६००० सगळ्यांना माहीत आहे, त्याचा फास्ट ऑटोफोकस गाजला म्हणून आजही त्याला मागणी आहे. पण त्याच्या आधीचा २०१२ चा नेक्स-६ घेऊन डोळ्याला लावा, त्याचा व्ह्यूफाइंडर २३.६ लाख डॉट्सचा आहे आणि ए६००० चा १४.४ लाखांचा. म्हणजे नवीन मॉडेलमध्ये कंपनीने व्ह्यूफाइंडर हलका केला! मॅन्युअल फोकस करणाऱ्या माणसाला जुना नेक्स-६ जास्त सोयीचा, मेगापिक्सेल १६ च आहेत पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्सला १६ पुरेत, आणि मेनू जरा विचित्र आहे त्याची सवय होते.

तर सुरुवात लेन्सपासून करा, बॉडीपासून नाही. लेन्स निघते का ते आधी बघा. याशिका इलेक्ट्रो ३५, एमएफ-२, आग्फा क्लिक थ्री, हॉटशॉट यांच्या लेन्स बॉडीलाच बसवलेल्या असतात, त्या विषय सोडून द्या. निघणारी असेल तर माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची बैठक, ओळखा. झेनिट आणि जुन्या प्राक्टिका म्हणजे बहुतेक एम४२, म्हणजे ४२ मिमी व्यासाचा आटा, लेन्स बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. पेंटॅक्स के१००० म्हणजे के माउंट. निकॉन एफएम१०, एफएम२ म्हणजे निकॉन एफ. याशिका एफएक्स-३ म्हणजे काँटॅक्स-याशिका. कॅनन एई-१ म्हणजे एफडी, आणि मिनोल्टा एक्स-७०० म्हणजे एमडी. गल्फ किंवा अमेरिकेतून कुणी नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा असेल तर शेवटच्या दोन-तीनपैकी काहीतरी निघायची शक्यता बरीच.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर प्रत्येक माउंटचं लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२ आणि पेंटॅक्स के चं ४५.४६ मिमी, निकॉन एफ ४६.५, काँटॅक्स-याशिका ४५.५, कॅनन ईएफ ४४, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२. मिररलेस म्हणजे बिनआरशाच्या डिजिटल बॉडीत आरसा नसल्यामुळे हे अंतर खूपच कमी, सोनी ई ला १८ मिमी, फुजी एक्स ला १७.७, निकॉन झेड ला १६. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे मध्ये साधारण २७.५ मिमी जागा उरते, तिथे एक पोकळ धातूची नळी बसते, तिलाच अडॅप्टर म्हणायचं, आत काच नाही, सर्किट नाही, काही नाही. म्हणून मिररलेसवर जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआर (आरशाच्या फिल्म कॅमेऱ्याची) लेन्स बसते, आणि झोर्की, फेडसारख्या रेंजफाइंडरच्या (बिनआरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स तर मिररलेसवरच बसतात.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल बॉडीत, मात्र गणित जपून करावं लागतं. कॅनन डीएसएलआरचं माउंट ईएफ, ते ४४ चं, त्यामुळे निकॉनची लेन्स अडीच मिमीच्या अडॅप्टरने आणि एम४२ ची दीड मिमीच्या अडॅप्टरने छान बसते. पण कॅननच्याच स्वतःच्या जुन्या एफडी लेन्स कॅनन डीएसएलआरवर बसत नाहीत, कारण त्यांचं अंतर ४२ म्हणजे कमी, मध्ये काच असलेला अडॅप्टर घातला तर बसतात पण त्या काचेने क्वालिटीची वाट लागते. मिनोल्टाचं तेच. निकॉन डीएसएलआरवर एम४२ लावली तर इन्फिनिटी मिळत नाही, म्हणजे लांबचं काही फोकसच होणार नाही. हे न बघता 'कॅनन आहे ना, मग कॅनन बॉडी घेऊ' असं करणारे पुष्कळ आहेत.

निकॉनच्या लेन्स असतील तर अजून एक भानगड. एंट्री लेव्हलच्या बॉड्या, डी३१००, डी३२००, डी५१०० वगैरे, यांच्यावर मॅन्युअल लेन्स बसते पण मीटर (उजेड मोजणारा भाग) बंद पडतो, एक्सपोजर सगळं अंदाजाने किंवा फोटो काढून बघून. डी७०००, डी३००, डी७००, डी६१०, डी७५० या बॉड्या मॅन्युअल लेन्सबरोबर मीटर करतात, मेनूत फोकल लेंथ आणि मोठ्यात मोठं अपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) भरून ठेवायचं, डी७००० मध्ये अशा ९ लेन्स सेव्ह होतात. डी७५०० नंतरचा असूनही कंपनीने त्यातून ही सोय काढून टाकली, त्यामुळे 'नवीन तेवढं चांगलं' इथे चालत नाही. आणि लेन्स १९७७ च्या आधीची, म्हणजे एआय (बॉडीला अपर्चर कळवणारी निकॉनची सोय) नसलेली असेल तर ती डी७००० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवू नका, माउंटच्या कडेचा छोटा खटका मोडतो. गंमत म्हणजे ती लेन्स स्वस्तातल्या डी३१०० वर बिनधास्त बसते कारण तिथे तो खटकाच नाही.

पेंटॅक्सवाल्यांचं नशीब चांगलं. के माउंटच्या लेन्स थेट बसतात, एम४२ साठी नुसती एक पातळ रिंग लागते कारण अंतर सारखंच, आणि के-एक्स, के-५, के-३० या सगळ्या बॉड्यांत स्टॅबिलायझेशन आतच आहे. के-३० आणि के-५० ला अपर्चरचा भाग अडकून फोटो काळे येण्याचा माहितीतला आजार आहे, म्हणून त्या स्वस्त मिळतात, पण एम४२ लेन्सचं अपर्चर बॉडी चालवतच नाही त्यामुळे त्या लेन्सपुरतं काही बिघडत नाही. अडचण एवढीच की आपल्याकडे पेंटॅक्सची डिजिटल बॉडी दिसते क्वचित. दिसली तर सोडू नका.

माझं मत विचाराल तर निकॉन आणि पेंटॅक्सच्या घरच्या लेन्स सोडल्या तर मिररलेसच घ्या. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून एफ/१.४ ची, म्हणजे मोठ्या अपर्चरची लेन्स फोकस करणं त्रासाचं आहे, कारण आताच्या फोकसिंग स्क्रीन उजेड जास्त दाखवण्यासाठी बनवलेल्या, त्यात फोकसमधला बारीक फरक दिसतच नाही, जुन्या एफएम२ मधली मधोमध दुभंगलेली प्रतिमा तर नाहीच. कॅनन ६डी मध्ये वेगळी स्क्रीन घालता येते, लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, पण काम भागतं, पण मग तो जाडजूड कॅमेरा हात लांब करून धरायचा. मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरमध्येच बटण दाबून चित्र मोठं होतं आणि फोकस झालेल्या कडा रंगाने चमकतात, त्याला पीकिंग म्हणतात. पीकिंगवर फार भरवसा ठेवू नका, मोठ्या अपर्चरला ते खोटं बोलतं. मोठं करून बघणंच खरं.

सेन्सरचा आकार हा पुढचा मुद्दा. फुलफ्रेम म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा, एपीएस-सी त्याहून लहान, मायक्रो फोर थर्ड्स आणखी लहान. ५० मिमी लेन्स एपीएस-सी वर ७५ सारखी वागते, मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी. पोर्ट्रेट काढायचे असतील तर फायदाच आहे, पण बाबांच्या ५० ने घरात सगळ्यांचा गणपतीसमोर एकत्र फोटो काढायला गेलात तर पाठ भिंतीला टेकते. लेन्स जशी मुळात दिसायची तशीच हवी असेल तर फुलफ्रेम. त्यात सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे २०१३ चा सोनी ए७. त्याचा ऑटोफोकस आज कुणाला आवडत नाही, बॅटरी लवकर संपते, माउंट जरा नाजूक म्हणून जड टेलिफोटो लावला तर लेन्सला हात देऊन धरा, पण २४ मेगापिक्सेलचा सेन्सर अजूनही झकास. थोडे जास्त घालता आले तर ए७ मार्क २ घ्या, त्यात माउंट मजबूत आणि पाच बाजूंचं स्टॅबिलायझेशन, १३५ मिमीची जुनी लेन्स लावल्यावर त्याचा अर्थ कळतो कारण चित्र मोठं केलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये थरथरत नाही.

फुजीचे एक्स-ई१, एक्स-टी१ हे एपीएस-सी, पण शटरची चकती वर आणि अपर्चरची रिंग लेन्सवर, त्यामुळे हातात घेतल्यावर जुन्या कॅमेऱ्याचीच मजा येते. एक्स-टी१ चा व्ह्यूफाइंडर मोठा आणि सुंदर आहे, फक्त त्याचं रबर सुटून येतं, ते चिकटवता येतं, त्यावरून भाव पाडून मागा. बजेट अगदीच कमी असेल तर नेक्स-५एन, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीनवर बघायचं, आणि एप्रिलच्या दुपारी स्क्रीन दिसत नाही हे धरून चालायचं.

आता घ्यायचं कुठून. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, तिथे कॅमेऱ्याची आणि रिपेअरिंगची दुकानं आहेत, दुकानातून घेतलं तर थोडं महाग पण निदान परत जाऊन भांडता येतं. पुण्यातला जुना बाजार रविवार-बुधवारचा आणि मुंबईचा चोर बाजार, हे जुन्या लेन्स हुडकायला मजेचे, डिजिटल बॉडी तिथून नको, बॅटरी नाही चार्जर नाही आणि चालते की नाही ते देवाला ठाऊक. ओएलएक्स आणि फेसबुक ग्रुपवर माल भरपूर. लग्नाचे फोटोग्राफर बॉड्या बदलतात तेव्हा ५डी, ६डी, डी७५० ढिगाने येतात, त्या नीट बघून घ्या कारण एका सीझनमध्ये त्यावर किती फोटो पडतात ते तुम्हाला माहीत आहे. मला स्वतःला हौशी माणसाची बॉडी बरी वाटते, ज्याने मुलगा झाला म्हणून घेतली आणि मुलगा चालायला लागल्यावर कपाटात ठेवली.

'मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालीय, कॅमेरा कुरिअरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका' हा प्रकार अजून चालू आहे. एक रुपया पाठवू नका. समोरासमोर भेटा, दिवसा भेटा, पैसे शेवटी.

भेटायला जाताना स्वतःची लेन्स, तिचा अडॅप्टर, एक रिकामं कार्ड, ब्लोअर आणि शक्य असेल तर लॅपटॉप न्या. समोरचा माणूस घाईत असेल तर दुसरी वेळ मागा, या कामाला अर्धा तास लागतो आणि त्यात लाजायचं नाही.

पहिलं, माउंटकडे बघा. धातूची रिंग घासलेली चालते, वाकलेली किंवा स्क्रू उकललेले नको. लेन्स लावून हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखड होत असेल तर अडॅप्टर सैल आहे की माउंट, ते दुसऱ्या लेन्सने तपासा. मग सेन्सर. लेन्स लावा, अपर्चर एफ/१६, आयएसओ कमी, मोकळं आभाळ किंवा पांढरी भिंत, फोकस मुद्दाम चुकवून एक फोटो. करडे गोल ठिपके दिसले तर धूळ, ती आपल्या हवेत असतेच. ब्लोअर मारून परत फोटो काढा, ठिपका हलला किंवा गेला तर धूळ, जागचा न हलणारा ठिपका म्हणजे चिकटलेला डाग असू शकतो, तो ओल्या क्लीनिंगने निघतो. पण सरळ रेघ किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर सोडून द्या, ती सेन्सरवरच्या काचेवरची चीर किंवा बुरशी. कोकणातून, मुंबईतून आलेल्या बॉडीला बुरशी लागलेली असू शकते, पावसाळाभर चामड्याच्या बॅगेत बंद ठेवला की लागतेच. नंतर झाकण लावून काही सेकंदांचं एक्सपोजर घ्या, दोन-चार चमकते ठिपके चालतील, आकाशगंगा दिसली तर नको.

ऑलिम्पस असेल तर मेनूत पिक्सेल मॅपिंग आहे, ते चालवून परत बघा.

शटर काउंट, म्हणजे बॉडीवर आतापर्यंत किती फोटो पडले तो आकडा, विचारा पण त्याचा बाऊ करू नका. निकॉनच्या आणि बऱ्याचशा सोनीच्या फोटो फाइलमध्येच आकडा लिहिलेला असतो, आत्ता काढलेली फाइल लॅपटॉपवर टाकून बघता येतो, कॅननमध्ये फाइलमध्ये नसतो. ए६०००, ६डी अशा बॉड्यांना साधारण १ लाखाचं शटर धरलेलं असतं, म्हणजे १ लाखाला बंद पडतंच असं नाही. ४० हजार झालेली स्वच्छ बॉडी १५ हजार झालेल्या ओल लागलेल्या बॉडीपेक्षा कधीही चांगली.

निकॉन डी६०० दिसला तर त्याच्या सेन्सरवर शटरमधून घाण उडायची, कंपनीने ते मान्य करून नंतर शटर बदलून दिले, म्हणून शटर बदललंय का आणि कागद आहे का ते विचारायचं. कॅननच्या पहिल्या ५डी चा आरसा सुटून पडायचा, आणि त्याच्यात लाइव्ह व्ह्यूही नाही, त्यामुळे ५डी घ्यायचीच तर मार्क २ पासून पुढची. शिवाय काही जुन्या लेन्सचा मागचा भाग फुलफ्रेम डीएसएलआरच्या आरशाला धडकतो, इन्फिनिटीला नेऊन एक क्लिक हळूच, कान देऊन करायचा.

व्ह्यूफाइंडरमध्ये कायमचा पिवळसर डाग आहे का बघा, कॅमेरा उन्हात उताणा पडून राहिला तर आतला छोटा पडदा भाजतो. चित्र मोठं करायचं बटण दहा वेळा दाबा, तुम्ही हेच बटण जन्मभर दाबणार आहात. चकत्या फिरवताना आकडा उड्या मारतोय का तेही. स्टॅबिलायझेशनवाली बॉडी असेल तर १/१० सेकंदाला चार फोटो काढा, बंद असताना हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं ते नॉर्मल आहे, घाबरू नका.

सोनीचा माल जपानमधून आलाय का ते हमखास बघा. जपानी बाजारातल्या बॉड्यांत मेनू फक्त जपानीत, भाषा बदलायचा पर्यायच नसतो, आणि जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. बिल मागा, बिलावरचा आणि बॉक्सवरचा नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवा, चोरीचा माल गळ्यात नको. बॅटरीचं म्हणाल तर नेक्स-६, ए६०००, ए७, ए७ मार्क २ या सगळ्यांना एकच एनपी-एफडब्ल्यू५० लागते, त्यामुळे ती कुठेही मिळते, फुगलेली बॅटरी मात्र हातातही घेऊ नका.

अडॅप्टरवर फार खर्च नको, दीड-दोन हजारांच्या आसपासचा बरा असतो, अगदी तीनशे-चारशेवाला सैल निघतो. एम४२ साठी घेताना आतल्या बाजूला पिन दाबणारी कडा असलेलाच घ्या, कारण बऱ्याच ऑटो लेन्सना ती पिन दाबल्याशिवाय अपर्चर बंदच होत नाही आणि माणसाला वाटतं लेन्स बिघडली. अडॅप्टर आतून चकचकीत असेल तर फोटो धुरकट येतात, आत काळा मखमली कागद चिकटवा, फरक दिसतो.

लेन्सबद्दल थोडक्यात. मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघा, जाळं दिसलं तर फंगस, पात्यांवर तेल चमकलं तर सर्व्हिसिंग. टाकुमार ५० एफ/१.४ ची काच चहासारखी पिवळी दिसली तर ती खराब नाही, काही टाकुमारच्या काचेत थोरियम आहे आणि तो रंग काही आठवडे उन्हात ठेवला की उतरतो. फक्त मागच्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइल लावूनच ठेवा, नाहीतर गच्चीत लेन्स आणि उन्हाने मिळून गादीला भोक पाडलं असं व्हायचं.

बॉडी घरी आणली, लेन्स लावली आणि क्लिकच होत नाही असं झालं तर घाबरून विकणाऱ्याला फोन लावू नका. सोनी आणि फुजीला समोर लेन्स आहे हेच कळत नाही, मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' किंवा 'शूट विदाउट लेन्स' चालू करावं लागतं. मोड ए ठेवा, अपर्चर लेन्सवरून, शटर कॅमेरा स्वतः ठरवतो. ए७ मार्क २ मध्ये स्टॅबिलायझेशनची सेटिंग मॅन्युअल करून लेन्सची फोकल लेंथ हाताने भरा, आणि लेन्स बदलली की परत भरा, हे विसरलं की फोटो स्थिर व्हायच्या ऐवजी उलटे हलतात.

आणि त्याच दिवशी गच्चीवर जाऊन लांबचं काहीतरी पकडा, पुण्यात असाल तर सिंहगडावरचा टॉवर घ्या, चित्र पूर्ण मोठं करून रिंग शेवटपर्यंत फिरवा. टॉवर स्पष्ट होऊन रिंग अजून केसभर पुढे जात असेल तर ठीक आहे, अडॅप्टर मुद्दाम थोडे बारीक करतात. रिंग संपली तरी टॉवर धूसरच असेल तर अडॅप्टर जाड आहे, रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करून दुसरा मागवा, लेन्स उघडून शिम (आतल्या पातळ चकत्या) काढायच्या भानगडीत पडू नका.